हाताचा गुण

८ ऑक्टोबर

प्रिय ठके,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहितोय. कागद समोर आला की तुला चार वाक्यं तरी लिहावीच लागतील.

सोबत तीन पुड्या आहेत: पॉपी, लार्कस्पर आणि कॉर्नफ्लॉवर. तुझ्या घरापुढे भिंत आणि फुटपाथ यांच्यामधे जी मातीची पट्टी आहे, तिथे पेर. मेव्हण्यांना जाऊन आता चार महिने झाले. त्यांच्या खुर्चीकडे बघत बसून काय होणार आहे? ऊठ, माती उकर.

आता म्हणशील, थंडीच्या तोंडावर कसली फुलं? अगं, हीच तर गंमत आहे. लोक वसंतात नर्सरीतून तयार रोपं आणतात आणि बागवान म्हणून मिरवतात. ही फुलं आत्ता पेरायची असतात. पंधरा-वीस दिवसांत उगवतात, थंडीच्या आधी बोटभर होतात, सगळी थंडी जमिनीला चिकटून काढतात आणि ऊन तापायला लागलं की सगळ्यांच्या आधी फुलतात. तुझ्या लेकीचे दिवस तेव्हाच भरतायत ना? नातवंड आणि फुलं एकदम.

आणि यंदाचं बी साधंसुधं नाही हं. दरवर्षी मी ते कागदावर पसरून सावलीत वाळवायचो. यंदा हवा फार दमट होती, म्हणून जरा डोकं चालवलं. दुकानात घड्याळाचे धुतलेले पार्ट सुकवायची ती दिव्याची पेटी आहे ना, तिच्यात ठेवलं. सकाळी असं खडखडीत, की पुडी हलवली तर वाजते. बुरशीची काय बिशाद! तुझी वहिनी म्हणाली, "अहो, बी आहे ते, बॅलन्स व्हील नाही." तिला म्हटलं, तू तुझं बघ. गल्लीतल्या सगळ्यांना पुड्या वाटल्यात. 'बीवाले घड्याळजी' म्हणतात मला, उगाच नाही.

वरवर पेर, खोल पुरू नकोस. लहानपणी तू लावलेलं एकही रोप जगलं नाही, आठवतंय? तुझ्या हाताला गुण नाही हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या बियाण्याची तरी अब्रू घालवू नकोस.

तुझा
दादा

१७ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. पेरलं. अगदी तू सांगितलंस तसं. आधी सगळी पट्टी उकरली, गवत काढलं, बी वाळूत मिसळून भुरभुरवलं आणि हाताने नुसतं थोपटलं. नंतर गुडघे धरून उठायला भिंतीचा आधार घ्यावा लागला, ते वहिनीला सांगू नकोस.

बाहेर बसले होते तर गल्लीतल्या सगळ्या येताजाता दिसल्या. समोरची शिंपीणबाई कपड्यांचा गठ्ठा घेऊन गेली. नुसतं हसली, थांबली नाही. तुला माहीत आहे, नर्सची नोकरी संपली तरी माझ्याकडे रोज कुणी ना कुणी यायचं. कुणाचं प्रेशर बघ, कुणाच्या पोराचा ताप बघ. हे चिडवायचे, "पगार बंद झाला, ड्यूटी नाही." हे गेल्यापासून एकही जण आलं नाही. लोकांना वाटत असेल, बाईला जरा एकटं राहू द्यावं. चांगली आहेत बिचारी. पण प्रेशरचं मशीन डब्यात पडून आहे.

लेक म्हणते, बाळ झालं की तू ये, आणि मी कामावर जायला लागले की बाळ तुझ्याकडेच. मी अजून हो म्हटलेलं नाही. दादा, खरं सांगू? मला भीती वाटते. ह्यांचा खांदा दुखत होता त्या दुपारी. मी बाम चोळला आणि पडा जरा म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या छातीवर हात ठेवून सांगितलं की काय होतंय, आणि घरच्या माणसाचं कळलं नाही. या हातात आता बाळ घ्यायचं?

हसू नकोस, पण पेरताना मनाशी म्हटलं, हे उगवलं तर लेकीला हो म्हणायचं. माझ्यासारख्या बाईने असं काही मानू नये, कळतं मला. पण मानलंय.

तुझी
ठकी

६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

अजून काहीच नाही रे. रोज सकाळी चष्मा लावून बघते. काल एक हिरवं टोक दिसलं म्हणून हरखले, तर गवत निघालं. तू पंधरा-वीस दिवस म्हणाला होतास. पाणी जास्त झालं का? तुझ्याकडे किती आलीत?

ठकी

१३ नोव्हेंबर

प्रिय ठके,

वाटलंच होतं मला! दाबलं असशील खोल. नाहीतर पाणी ओतलं असशील बदाबदा. एकदा सांगून तुला कळेल तर शपथ. एवढी वर्षं नर्सकी केलीस, इतक्या लोकांना थेंब मोजून औषधं दिलीस, आणि घरी आलं की धांदरटपणा तो धांदरटपणाच. थांब जरा, आणि सारखी उकरत बसू नकोस.

माझं विचारशील तर मी यंदा उशिरा पेरलं. एका शाळेचं मोठं घड्याळ दुरुस्तीला आलंय, त्यात मान वर करायला फुरसत नाही. पेरल्यापासून वाफ्याकडे गेलोच नाही. पण त्याची काळजी तू करू नकोस. बी माझं आहे.

आणि हातांबद्दल ते जे काही लिहिलंयस ना, ते मूर्खासारखं आहे. लेकीला हो म्हणून टाक.

दादा

२४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचलं. बरोबर आहे तुझं.

आज बोटाने माती बाजूला करून बघितली. कॉर्नफ्लॉवरचं बी सापडलं. जसं टाकलं होतं तसंच पडलंय. खोल नव्हतं रे. पाणीही बेताचं होतं. पण तुझं बी कधी फसत नाही, मग दुसरं काय असणार?

हे गेले त्या दिवशीही तू तेच म्हणाला होतास. हॉलमधे सगळे बसले होते, मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते, आणि तू म्हणालास, "घरात नर्स असून कळू नये?" मी तुला दोष देत नाही. मनातलं बोललास. सगळ्यांच्याच मनात असणार, तू मोठा म्हणून तुझ्या तोंडून आलं. मी ट्रे ठेवला आणि आत जाऊन कप मोजत बसले, बाहेर यायचा धीर होईना.

लेकीला कळवून टाकलं, नाही जमणार म्हणून. गुडघ्यांचं कारण दिलं. एखादी चांगली बाई बघ म्हटलं. वाईट वाटलं, पण जे आहे ते आहे. तू रागावू नकोस. तुझी पुडी वाया घालवली, त्याची लाज वाटते.

ठकी

८ डिसेंबर

प्रिय ठके,

पत्र मिळालं. इकडे थंडी फार आहे. शाळेचं घड्याळ शेवटी चालू झालं, पण दर तासाला एक ठोका जास्त देतं, पोरं खूश आहेत. माझी पाठ अधूनमधून धरते. तुझ्या वहिनीने खिडक्यांना नवे पडदे लावलेत, निळे. आधीचे बरे होते असं माझं मत, पण विचारतो कोण.

फुलांचं म्हणशील तर यंदा सगळीकडेच जरा कमी आहे. हवाच तशी आहे. तुमच्याकडची मातीही जरा चिकट असेल. माझ्याकडे थोडी आलीत. फार नाही, थोडी.

लेकीला एवढ्यात नाही म्हणायची काय घाई होती? बघू. मनाला लावून घेऊ नकोस.

दादा

(वन्सं, समासात लिहितेय, जागा एवढीच दिली ह्यांनी. ह्यांच्या पत्रावर जाऊ नका. मला बरंच सांगायचंय, पण ते ह्यांनीच सांगायला हवं, म्हणून अजून गप्प आहे. जास्त दिवस राहणार नाही. — वहिनी)

१९ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझ्याकडे थोडी तरी आली हे वाचून बरं वाटलं. म्हणजे बी चांगलं होतं. मनात एक वेडी शंका होती, ती गेली. आता उगाच आशा नको.

प्रेशरचं मशीन माळ्यावर टाकलं. डोळ्यासमोर असलं की उगाच वाटत राहतं, कुणी येईल म्हणून. लेक परवा फोनवर रडली. म्हणे, "आई, माझं काही चुकलं का?" तिला काय सांगू? अजून मनासारखी बाई मिळाली नाही तिला. दोघी येऊन गेल्या, एकीने येताच टीव्ही कुठे आहे विचारलं.

वहिनीला काय सांगायचंय? तिची तब्येत बरी आहे ना?

ठकी

१२ जानेवारी

ठके,

हे पत्र लिहायला बसतो आणि फाडतो, असं कितीतरी दिवस चाललंय. आज तुझी वहिनी समोर खुर्ची टाकून बसली आहे. पत्र पाकिटात गेल्याशिवाय उठणार नाही म्हणते.

बी मी मारलं. तुझ्या हातात पडायच्या आधीच ते मेलेलं होतं.

दिव्याच्या पेटीत ठेवलं होतं ना, मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं तुला. त्या पेटीत पितळ तापतं, ठके. चिमट्याशिवाय पार्ट उचलता येत नाहीत. चाळीस वर्षं मी ती पेटी वापरतोय आणि माझ्या डोक्यात आलं नाही की आपण आत काय ठेवतोय. भाजलं मी ते.

तू बोटाने माती बाजूला केल्याचं लिहिलंस, ते वाचून वाफ्यावर गेलो. माझाही वाफा कोरा. तुझ्या वहिनीने तेव्हाच ओल्या फडक्यावर दोन बशांत बी टाकून ठेवलं होतं. एकीत डब्याच्या तळाशी उरलेलं गेल्या वर्षीचं, दुसरीत यंदाचं. एका सकाळी दोन्ही बशा माझ्या चहाशेजारी आणून ठेवल्या. जुन्याला मोड आले होते. यंदाचं तसंच.

आणि हे कळल्यावर मी तुला लिहिलं की माझ्याकडे थोडी आलीत. ही खरी लाजेची गोष्ट. बी जळालं ती चूक झाली, चूक कुणाचीही होते. पण तू तिकडे स्वतःच्या हातांना दोष देतेस, त्यापायी पोटच्या पोरीला नाही म्हणतेस, हे वाचून, समजून, मी पडद्यांबद्दल लिहिलं. का? तर गल्लीभर पुड्या वाटून बसलोय. कुणाचंच उगवलं नाही, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, तुम्ही खोल दाबलं, तुम्ही पाणी जास्त घातलं. त्यात तू एक. आणि तुझ्यापुढे तर मी कायम शहाणाच असतो. ती सवय सुटेना.

आता दुसरं.

हॉलमधलं जे तू लिहिलंस ते मला आठवेना. खरंच सांगतो, आठवेना. मला वाटलं, दुःखात तुझा काहीतरी समज झाला. तुझ्या वहिनीला विचारलं. ती भांडी पुसत होती, थांबली. म्हणाली, "म्हणालात तुम्ही. मी तुमची बाही ओढली, तर पुन्हा म्हणालात, आणखी मोठ्याने." तू सात महिने जे उरात घेऊन फिरतेयस, ते मी बोलून विसरूनही गेलो होतो.

का बोललो ते आता सांगतो. हे तुझ्या वहिनीलाही आजवर माहीत नव्हतं, आत्ता वाचेल. मेव्हणे जायच्या आदल्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला होता. जुन्या घड्याळाच्या पट्ट्याबद्दल. बोलता बोलता म्हणाले, खांदा भरून येतोय हल्ली, जिना चढलं की जास्त. मी म्हटलं, "उशी बदला." एवढंच. "उशी बदला," आणि पट्ट्याबद्दल बोलायला लागलो. तुला सांगितलंसुद्धा नाही. ते गेल्यावर तुझ्या हॉलमधे बसलो होतो आणि डोक्यात तेवढंच फिरत होतं. कुणी माझ्याकडे बघण्याआधी तुझ्याकडे बोट दाखवलं. एवढी नालायकी माझ्यात असेल असं वाटलं नव्हतं.

तुझे हात ठीक आहेत. काही बिघडलेलं नाही त्यांचं. लेकीकडे जा.

माफ कर म्हणायला तोंड नाही.

दादा

९ फेब्रुवारी

ठके,

उत्तर नाही. साहजिक आहे. पत्र पोचलं एवढं कळव, नुसतं कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल. गल्लीत घरोघर जाऊन सांगून आलो की बी मीच जाळलं होतं. दूधवाला म्हणाला, "तरी मला वाटलंच." कुणी हसलं, कुणी दार लावलं.

दादा

२० मार्च

ठके,

भाचीचा फोन आला वहिनीला. मुलगी झाली, आणि तू तिच्याकडे आहेस, एवढं कळलं. फोन वहिनीने घेतला. भाची म्हणाली नाही की मामाला द्या, मीही मागितला नाही. आनंद झाला. एवढंच लिहायचं होतं.

दादा

२६ एप्रिल

दादा,

लेकीकडून लिहितेय. बाळ मांडीवर आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय.

तुझं जानेवारीतलं पत्र मी वाचलं, गादीखाली ठेवलं आणि त्यावर झोपले. किती दिवस, मोजले नाहीत. उत्तर लिहायला घेतलं की रागाने पेन खाली ठेवायचे. बी जळालं याचा राग नाही रे. मी थंडीभर रोज सकाळी त्या कोऱ्या पट्टीपुढे उभी राहून माझ्या हातांकडे बघायचे. तुला माहीत होतं, आणि तू पडद्यांचा रंग कळवलास. निळे! आता निळा पडदा दिसला की मला तूच दिसतोस.

मी ठरवून इथे आले नाही. बाईच मिळाली नाही शेवटपर्यंत, आणि हिचे दिवस आधीच भरले. दवाखान्यातली सिस्टर थकलेली होती, मी जवळ उभी होते म्हणून तिने बाळ माझ्याकडे दिलं. हात थरथरत होते. मग बाळाची मान सावरायची होती, दुपटं नीट करायचं होतं, नाक बघायचं होतं, त्या गडबडीत थरथरायचं राहून गेलं. नंतर आठवलं. आता रोज न्हाऊ मीच घालते.

उशीचं वाचून मी खूप रडले. आणि मग, कुणाला सांगू नकोस, मला हसू आलं. तू उशी सांगितलीस, मी बाम लावला. आपण दोघांनी मिळून ह्यांच्यावर चांगलेच उपचार केले. त्यांना हे कळलं असतं तर पोट धरून हसले असते, आणि मग आपल्याला शिव्या घातल्या असत्या. ते दुःख निदान आता मी माझ्या एकटीचं मानत नाही. एवढ्यापुरतं बरं वाटलं.

पण माफीचं तू विचारलं नाहीस ते बरं केलंस, कारण अजून देता आली नसती. तू मला पत्रात सांगितलंस, बंद पाकिटात. बोलला होतास तेव्हा चार लोकांत बोलला होतास. परत घ्यायचं तर चार लोकांत घे.

लेक सप्टेंबरपासून कामावर जाईल, तेव्हा मी बाळाला घेऊन माझ्या घरी येतेय. ऑक्टोबरमधे तू ये. बी विकतचं आण, सीलबंद, तू हात न लावलेलं. पट्टीत तू पेर, स्वतः, गुडघ्यांवर बसून, दिवसाढवळ्या. गल्ली येईल जाईल. कुणी थांबून विचारलं की सांग. मी सांगणार नाही, तू सांगायचंस. बीचं पण, आणि हॉलमधलं पण. शिंपीणबाई तेव्हा हॉलमधे होती.

जमत नसेल तर येऊ नकोस. पट्टीचं मी बघून घेईन.

ठकी

३ मे

येतो.

दादा

२१ ऑक्टोबर

प्रिय ठके,

घरी पोचलो. गाडीत गुडघ्यांनी फार बोंब मारली. जमिनीवर बसायची सवय गेली आहे माझी. तू वर खुर्चीत बसून, मांडीवर नात घेऊन, "तिकडे राहिलं, दादा, कोपऱ्यात" असं सांगत होतीस, तेव्हा वाटलं, हिने वर्षभर याचीच वाट बघितली. हक्क आहे तुझा.

एक गोष्ट तुला तिथे सांगता आली नाही. म्हणून लिहितोय.

बाळ रडायला लागलं म्हणून तू आत गेलीस, त्याच वेळी शिंपीणबाई आली. तू समोर नव्हतीस. आता खरं सांगतो, मनात आलं की जाऊ दे, ती पुढे जाईल. पण ती थांबली. म्हणाली, "काय लावताय?" आणि मी सांगायला लागलो. माझे हात मातीने भरलेले, तोंड वर करून बोलतोय. आधी बीचं सांगितलं, ती हसली. मग म्हटलं, "बाई, माझ्या बहिणीचा नवरा गेला त्या दिवशी तुम्ही हॉलमधे होतात. मी काय म्हणालो ते आठवतंय का?"

मला वाटलं होतं, ती म्हणेल, छे हो, कुणाच्या लक्षात असतं. तसं म्हणाली असती तर मी सुटलो असतो. ती म्हणाली, "आठवतंय. सख्खा भाऊ म्हणतोय म्हणजे काहीतरी असेल, असं आम्ही आपसात बोललो. त्यानंतर मी प्रेशर दाखवायला यांच्याकडे यायचं बंद केलं. सगळ्यांनीच केलं."

ठके, तू लिहिलं होतंस, लोकांना वाटत असेल बाईला एकटं राहू द्यावं, चांगली आहेत बिचारी. ते तसं नव्हतं. ते माझ्यामुळे होतं. तुझं दार मी बंद केलं होतं, एका वाक्यात, चहा यायच्या आत.

मी तिला सगळं सांगितलं. फोनचं, उशीचं. म्हटलं, कळायला हवं होतं ते मला, मला आधी सांगितलं होतं त्यांनी, आणि मी ते हिच्यावर ढकललं. तिने गठ्ठा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि गेली. तेवढ्यात तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "कोण होतं?" मी म्हटलं, "कुणी नाही." शेवटी तिथेही खोटंच बोललो बघ. म्हणून आज घरात शिरल्या शिरल्या लिहायला बसलो, बूटसुद्धा काढले नाहीत.

तिने गल्लीत काय सांगितलं, की काहीच नाही, मला माहीत नाही. मान वर करून तुझ्याकडे यावं असं मी अजून काही केलेलं नाही.

तुझा
दादा

१६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. बूट न काढता घरात शिरल्याबद्दल वहिनी तुला जे बोलली असेल ते माझ्याकडूनही समज.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. बाळाशीसुद्धा नाही, तीच बोलत होती. एवढे दिवस मी त्या बायकांना चांगल्या चांगल्या म्हणत होते, आणि त्या माझ्या दारावरून मान वळवून जात होत्या. तुझा राग आला, त्यांचा आला, माझ्या भोळसटपणाचाही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणबाई आली. दारात उभी राहिली. नुसती बाही वर करून हात पुढे केला. आत गेले, स्टूल लावून माळ्यावरून मशीन काढलं, धूळ पुसली, पट्टा बांधला. प्रेशर इतकं वर की मी दोनदा बघितलं. "तशीच्या तशी डॉक्टरकडे जा," म्हटलं. गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. गोळ्या चालू झाल्यात, मीठ बंद, कुरकुर चालू.

आता पुन्हा येतात सगळ्या. घरात बाळ झोपलेलं असतं, म्हणून ह्यांची खुर्ची मी बाहेर भिंतीशी आणून ठेवली आहे. जिचं प्रेशर बघायचं ती खुर्चीत, बाकीच्या उभ्या. ह्यांच्या खुर्चीत कुणी बसलेलं मला वर्षभर चाललं नसतं. आता चालतं.

आणि उगवलंय, दादा. सगळं. फार दाट पेरलंस, मूठच्या मूठ टाकलेली दिसतेय, निम्मी रोपं उपटावी लागतील. काल बाळाने आधीच दोन उपटून खाऊन बघितली. बोटभर झालीत, आता थंडीभर तशीच बसतील.

काल शिंपीणबाई खुर्चीत होती. माहीत असूनही तिने विचारलं, "छान आलंय हो. कुणी पेरलं?"

आसपास चार जणी उभ्या होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "माझ्या दादाने."

तुझी
ठकी